सैनिकाच्या अंगावर हिरवा रंग कसा आला?

हिरवा रंग म्हटला की आपल्याला आठवतो हिरवा चुडा, हिरवं लुगडं, श्रावणातलं रान. हाच रंग सैनिकाच्या अंगावर कसा आला, ते आज ऐकूया.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांची पलटण लालभडक डगले घालून लढायची. तेव्हाच्या बंदुकांच्या दारूचा फार धूर व्हायचा. त्या धुरात आपली माणसं ओळखू यावीत म्हणून रंग भडक. शिवाय मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून लाल रंग स्वस्तात मिळायचा. सोय सेनापतीची होती, पण गोळीसमोर उभा राहायचा तो शिपाई.

जर्मन मुलखात मात्र वेगळी रीत होती. तिथले राजे जंगल राखणाऱ्यांना आणि शिकाऱ्यांना फौजेत घेत. त्यांना म्हणायचे ‘येगर’, म्हणजेच शिकारी. ही माणसं रानात हिरवे कपडे घालायची, कारण सावजाला आपण दिसता कामा नये. फौजेत आली तशी तो रंगही घेऊन आली.

इंग्रजांनी हे पाहिलं. १८०० साली त्यांनी रायफलवाल्यांची एक नवी तुकडी उभारली. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे खाचे असतात. त्यामुळे गोळी फिरत जाते आणि नेम लांबवर लागतो. हे शिपाई रांगेत उभे राहत नसत. दोघादोघांच्या जोडीने झाडाझुडपांआडून लढत. एक बंदूक भरायचा, तेव्हा दुसरा नजर ठेवायचा. त्यांना गडद हिरवा डगला आणि पांढऱ्याऐवजी काळे पट्टे मिळाले. या रंगाचं नावच पडलं ‘रायफल ग्रीन’.

तेव्हा हा हिरवा रंग करायचा म्हणजे दुहेरी काम. कापड आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर पिवळा चढवायचा. निळीच्या पाण्यातून काढलेल्या कापडाला हळद लावून पाहा, कसा रंग येतो ते कळेल.

हा रंग आपल्या देशात रुजला १८५७ नंतर. दिल्लीच्या टेकडीवर हिंदुरावांचा वाडा होता. हे हिंदुराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ, कागलच्या घाटगे घराण्यातले. त्या वाड्याच्या परिसरात गुरखा पलटण आणि इंग्रजांची रायफल पलटण खांद्याला खांदा लावून लढल्या. समोर होते इंग्रजांविरुद्ध उठलेले आपलेच शिपाई. त्यानंतर त्या गुरख्यांना रायफल पलटणीचा हिरवा पोशाख मिळाला.

रोजच्या वर्दीचा हिरवा मात्र वेगळा. तो थोडा मातकट असतो, त्याला ‘ऑलिव्ह ग्रीन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या घनदाट जंगलात खाकी कपडे उठून दिसू लागले, म्हणून वर्दी हिरवी झाली. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानेही हिरवाच रंग ठेवला. आणि तो जुना गडद हिरवा? मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची टोपी नीट बघा, तिथे तो दिसेल.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींचा मुलगा, भाऊ, नवरा फौजेत आहे. सुट्टीवर आल्यावर त्याची वर्दी आपण धुतो, दोरीवर वाळत घालतो. तो रंग नुसता शोभेचा नाही. रानात मिसळून जावं आणि माणूस जिवंत घरी यावा, यासाठी तो निवडला गेला आहे.