स्वयंऊर्जित प्रकाशसंवेदक

पडणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे जे अर्धवाहक साधन बाहेरून विद्युतदाब न देताही काम करते, त्याला स्वयंऊर्जित प्रकाशसंवेदक म्हणतात. सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अत्यल्प अपद्रव्य मिसळल्यास मुक्त इलेक्ट्रॉनांचे आधिक्य असलेला एन-प्रकार, तर बोरॉन मिसळल्यास इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांचे, म्हणजेच विवरांचे, आधिक्य असलेला पी-प्रकार तयार होतो; हे दोन्ही जेथे जुळतात त्या संधीपाशी अंतर्गत विद्युतक्षेत्र आपोआप निर्माण होते. तेथे पुरेशा ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि विवर यांची जोडी उत्पन्न होते, हे क्षेत्र त्यांना विरुद्ध दिशांना ओढते आणि बाह्य मंडलातून प्रवाह वाहू लागतो.

सौरघटाचे तत्त्वही हेच असले, तरी त्याच्याकडून अधिकाधिक शक्तीची, तर संवेदकाकडून प्रकाशाच्या प्रमाणात बदलणाऱ्या अचूक संकेताची अपेक्षा असते. छायाचित्रकारांच्या जुन्या सेलेनियम प्रकाशमापकाचा काटा बॅटरीविना हलत असे, तो याच परिणामामुळे. बाह्य दाब नसल्याने अंधारातील गळतीप्रवाह अत्यल्प राहतो आणि मंद प्रकाशही टिपता येतो. मात्र बाहेरून उलट दिशेने दाब दिलेल्या संवेदकाच्या तुलनेत प्रतिसादाचा वेग सहसा कमी पडतो.

कोणता प्रकाश टिपला जाईल, हे पदार्थाच्या ऊर्जा-अंतरावर, म्हणजे बद्ध इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेवर ठरते. सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश ओळखते, तर गॅलियम ऑक्साइड केवळ २८० नॅनोमीटरखालील अतिनील किरणांना प्रतिसाद देते. सूर्याचे असे किरण ओझोनथरातच शोषले जात असल्यामुळे भर दिवसाही ज्वाला किंवा विद्युत ठिणगी ओळखण्यासाठी ते उपयुक्त ठरते.