दावणीचे सात खुंटे

मागच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाने, अण्णाने, वस्तीवरचा जुना गोठा पाडला. मुक्त संचार गोठा करायचा होता. जनावर दाव्याला न बांधता कुंपणात मोकळं सोडायचं, अशी आताची पद्धत. पत्रे उतरले, मेढी निघाल्या, गव्हाणीचे दगड बाजूला लागले. मागे राहिले दावणीचे खुंटे. बाभळीचे सात, आणि दावं घासून घासून प्रत्येकाच्या कमरेला खाच पडलेली. जेसीबीने ते पाच मिनिटांत उपटले. मी साताऱ्याहून मदतीला म्हणून आलो होतो, म्हणजे खुर्ची टाकून बघत बसलो होतो. कुठल्या खुंट्याला कोण असायचं ते मी सातही खुंट्यांचं धडाधड सांगितलं. वहिनी पाटी घेऊन चालली होती, ती थांबली. म्हणाली, "भावजी, ध्यानात बरंच हाय की तुमच्या. शेण काढलं असतं तर आणखी ऱ्हायलं असतं."

आमची वस्ती माण तालुक्यात, दहिवडी आणि म्हसवड यांच्या मधल्या माळावर. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मनात आलं तर. अकरा एकर रान, त्यातलं निम्मं मुरमाड. माझा जन्म १९६६ चा, त्यामुळे मला आठवतो तो गोठा १९७० नंतरचा. तो दुधासाठी नव्हता, हे आजच्या पोरांना पटवून द्यावं लागतं. दाराजवळचे दोन खुंटे खिल्लार बैलांचे, सर्ज्या आणि मान्या. तिसऱ्याला खिल्लार गाय. तिचं काम बैल जन्माला घालणं. दोन्ही वेळचं मिळून दोन-अडीच लिटर दूध द्यायची, तेही वासराने तोंड लावून पान्हा सोडवल्याशिवाय नाही. चौथ्याला पंढरपुरी म्हैस, शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली. घरचं दूधदुभतं तिच्यावर. उरलेल्या तिघांना खोंड, कालवड, रेडकू, जे असेल ते. शेळ्या चार होत्या, पण त्या खुंट्यात मोजत नसत. कोंबड्या डालग्याखाली.

ही सगळी जनावरं आमच्या उरल्यासुरल्यावर जगत. ज्वारी आम्ही खायची, कडबा त्यांनी. तूर आमची, भुसकट त्यांचं. बांधावरचं गवत, भाकरीचे कुटके, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, सगळं गव्हाणीत. विकत आणायची ती फक्त सरकीची पेंड, आणि तीही म्हैस व्याली तर. बदल्यात रान नांगरलं जाई आणि उकिरडा भरे. आबा, म्हणजे आमचे वडील, शेणखताचा हिशोब गाड्यांत करायचे. अमुक पट्टीत यंदा बारा गाड्या, तमुक पट्टीत मेंढरं बसवायची. मेंढरं बसवली की धनगराला ज्वारी द्यायची. रोख पैसा या व्यवहारात क्वचितच दिसे.

जो दिसे तो आईचा. तूप, अंडी आणि बोकड यांचे पैसे तिचे, आबा त्यात हात घालत नसत. माझी पाचवीची पुस्तकं अंड्यांवर आली, अण्णाच्या सायकलचे निम्मे पैसे एका काळ्या बोकडाने दिले. आई लिहायला शिकलेली नव्हती, पण कुणाकडे किती अंडी उधार हे तिला तोंडपाठ असायचं. ताक मात्र विकायचं नाही. ते मागेल त्याला तांब्याभर.

७२ चा दुष्काळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आई-आबा पाझर तलावाच्या कामावर जात, आम्हाला तिथे सुकडी मिळे, आणि ती गोड लागे याची पुढे बरीच वर्षं मला लाज वाटत होती. गाय मिळेल त्या किमतीला गेली. म्हैस मामाकडे कराडच्या बाजूला नदीकाठी पाठवली. पै-पाहुण्यांकडे जनावरं ठेवायची त्या काळातली ती छावणीच म्हणायची. बैल मात्र आबांनी ठेवले. छपराचं पाचट उतरवून त्यांना घातलं, आणि त्या पावसाळ्यात आम्ही गळक्या घरात झोपलो. म्हैस दीड वर्षाने परत आली, मागे रेडी घेऊन. मामीने दूध खाल्लं, पण रेडी आमची, हा हिशोब कुणी बोलून केला नव्हता.

पुढे खरसुंडीच्या यात्रेत आबांनी नवं खोंड घेतलं, तेव्हा मी बरोबर होतो. यात्रेत माणसापेक्षा जनावराला मान. खोंडाचा ओठ वर करून दात बघितले. आदत होतं, म्हणजे दुधाचे दात पडायचे होते. मग दलालाने आबांच्या हातावर रुमाल टाकला आणि दोघांची बोटं त्याखाली बोलायला लागली. चेहरे कोरडे. आबा मध्येच हात ओढून घ्यायचे, दलाल पुन्हा पकडायचा. मी रुमालाच्या हालचालीवरून आकडा ओळखायचा प्रयत्न करत होतो. किंमत किती ठरली हे आबांनी आईलासुद्धा सांगितलं नाही, आणि बेंदराला खोंडाच्या शिंगांना हिंगूळ लावताना आईने विचारलंही नाही.

गोठ्याचं खरं वळण त्यानंतरचं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू केली. संकरित गाय शेतकऱ्याच्या दारातच तयार करायची, ही त्यामागची कल्पना. आमच्या माळावर ती वीसएक वर्षांनी पोचली. नायट्रोजनचं भांडं मोटारसायकलला बांधून एक माणूस यायला लागला. आबा आधी नाहीच म्हणाले. मग गोठ्यात नंतर आलेली खिल्लार गाय माजावर आली तेव्हा जवळपास वळू नव्हता, आणि म्हणून, निव्वळ म्हणून, जरशी भरवली. नवाला तांबूस कालवड झाली. खांदा नाही, तोंड आखूड, चालताना ढिली. आबा म्हणाले, "हिच्या पोटचा बैल काय वढणार?" बरोबरच होतं त्यांचं. पण ती कालवड मोठी होऊन व्याली आणि दिवसाला दहा लिटरवर गेली, तेव्हा वढण्याचा विषयच संपला.

तोवर गावात दूध संस्था निघाली होती. दर दहा दिवसांनी बिल. गावात त्याला बिल कुणी म्हणत नाही, दुधाचा पगार म्हणतात. पावसावर जगणाऱ्या माणसाला महिन्यात तीनदा पगार मिळतो म्हणजे काय, हे नोकरदाराला कळणार नाही. वाण्याची उधारी वर्षावरून दहा दिवसांवर आली. अण्णाचं लग्न ठरलं त्याला हा पगारही कारण होता.

वहिनी आली ती या गोठ्यात. पहाटे साडेचारला धारा, सहाला किटली संस्थेत, संध्याकाळी पुन्हा तेच. त्याआधी शेण, त्यानंतर वैरण, मधल्या वेळात गोवऱ्या. सण, सुतक, बाळंतपण, काही असलं तरी गाईला कळत नाही. आणि एक गंमत बघा. ज्या घरात म्हशीच्या दुधाचं ताक तांब्याने वाटलं जायचं, त्या घरात आता दिवसाला वीस लिटर दूध निघत होतं आणि चहा कोरा व्हायचा. फॅट लागली पाहिजे म्हणून म्हशीचं दूधही किटलीत जायला लागलं. तूप संपलं तशी आईची मिळकतही संपली. संस्थेत नाव आबांचं, पुढे अण्णाचं. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. पैसा अंड्याएवढा होता तोवर बायकांचा होता, पगाराएवढा झाला आणि पुरुषांचा झाला. आमच्या घरात तरी असंच झालं, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मीही त्या पगारावर साताऱ्यात शिकलो.

संकरित गाईने आम्हाला पहिल्यांदा घाबरवलं ते १९९४-९५ च्या हिवाळ्यात. मी सुट्टीला घरी होतो. गाय आदल्या दिवशी सुखरूप व्याली होती, वार पडली होती, चीक काढून खरवसही झाला होता. रात्री अण्णा बघायला गेला तर गाय खाली बसलेली, मान वळवून पोटाला लावलेली. उठवली, उठेना. कानाला हात लावला तर गार, थंडीतल्या पितळेच्या तांब्यासारखे. आईने ओवाळून मीठ टाकलं. आबा म्हणाले गेली. अण्णा सायकलवरून डॉक्टरांना घेऊन आला तोवर दीड तास झाला होता. डॉक्टरांनी कान चाचपले आणि म्हणाले, "कॅल्शियम." सगळं दूध एकदम कासेत उतरलं की रक्तातलं कॅल्शियम कमी पडतं, हा दुग्धज्वर, नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. बाटली आढ्याच्या वाश्याला टांगली, सुई मानेच्या शिरेत, आणि डॉक्टर एक हात गाईच्या छातीवर ठेवून थेंब मोजत बसले. घाईने गेलं तर हृदय बंद पडतं, म्हणाले. मी कंदील धरला होता. बाटली निम्मी झाली तशी गाईच्या अंगावर थरथर उठली. पाऊण तासात तिने ढेकर दिली, शेण टाकलं आणि उभी राहिली. वहिनीने त्या शेणाला अक्षरशः नमस्कार केला.

आमच्या खिल्लारला असलं कधी झालं नव्हतं. व्हायला तेवढं दूध कुठे होतं?

बैल गेले २००३ मध्ये. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला मिळायला लागला आणि वर्षातून तीस-चाळीस दिवसांच्या कामासाठी जोडी वर्षभर पोसणं परवडेना. सर्ज्या-मान्याच्या खुंट्यांना दोन काळ्या-पांढऱ्या होस्टन आल्या. आबा त्यानंतर गोठ्यात फारसे गेले नाहीत. आजारी होते म्हणून, असं आम्ही म्हणतो.

२०१२-१३ आणि पुन्हा २०१९ चा दुष्काळ आम्ही चारा छावणीत काढला. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो हिरवा चारा, म्हणजे बहुतेक ऊस आणि वाढे. नुसत्या वाढ्यांनी गाय जगते पण झिजते, कारण त्यांतलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची हे वहिनी तिथेच शिकली आणि शेजारच्या चार दावणींना शिकवून आली. छावणीत आमचं बिऱ्हाड म्हणजे ताडपत्री, चूल, एक बाज आणि सहा जनावरं. २०१९ ला नियम होता शेतकऱ्यामागे पाचच मोठी जनावरं, म्हणून सहावी चुलतभावाच्या नावावर लागली. अण्णा रात्री तिथे झोपायचा, वहिनी दिवसा. दोघांची भेट धारेच्या वेळी. वहिनी म्हणते ते दिवस वाईट नव्हते. पाणी टँकरने दारात यायचं, वैरण कापायची नव्हती आणि बोलायला पन्नास बायका होत्या. दुष्काळात बाईला उसंत मिळाली, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तिचं म्हणणं तेच आहे.

एक गोष्ट मात्र घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही. जरशीला गोऱ्हा झाला तर काय करायचं? तो औताचा नाही, शर्यतीचा नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळू कापायलाही बंदी, त्यामुळे घ्यायला कुणी येत नाही. चीक पाजतात, पुढचं आपोआप होतं. मी एकदा अण्णाला विचारलं होतं. त्याने वैरणीची पाटी उचलली आणि दुसरीकडे गेला. आता कालवडच होईल अशा रेतमात्रा मिळतात, तेव्हापासून घरात जरा हलकं वाटतं.

२०२२ ला लंपी आला. बाजार बंद, गोठ्यात निंबाचा धूर, गाईंना लस. आमची एक कालवड गाठींनी भरली, पायाला सूज, पण तगली. गावात काही गेल्या. दुभत्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा अशी भरपाई होती. म्हशींना फारसं काही झालं नाही, आणि आई आठवडाभर तेवढंच म्हणत होती.

आता नव्या गोठ्यात नऊ गाई आहेत. धार यंत्राने निघते. चार एकरात मका असतो, तो आमच्या खाण्याचा नाही. कणसं दुधाळ-चिकात असतानाच ताटांसकट कुट्टी करून मुरघास भरतात. ज्वारी आम्ही बाजारातून आणतो. आबांच्या वेळी जनावर शेताच्या उरल्यावर जगायचं, आता शेत जनावरासाठी पिकतं आणि आम्ही उरल्यावर जगतो. अण्णाला हे ऐकवलं तर तो म्हणाला, "उरतंय कुठं?" २०२३ च्या जुलैत साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफला चौतीस रुपये दर सरकारने ठरवला होता. दिवाळीपर्यंत आमच्या हातात सत्तावीस पडत होते, आणि गोळीपेंडीचं पोतं कमी झालं नव्हतं.

मग २०२४ च्या सुरुवातीला लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं. त्यासाठी गाईच्या कानातला बारा आकडी बिल्ला, मालकाचं नाव आणि बँक खातं, सगळं जुळायला हवं होतं. नोंदवायला माणूस आला तेव्हा अण्णा पेंड आणायला गेला होता. त्याने विचारलं, मालक कोण? वहिनीने हात धुतले, आतून आपलं आधार कार्ड आणि पासबुक आणलं, आणि चार गाई स्वतःच्या नावावर लावल्या. अण्णाला संध्याकाळी कळलं. तो काही बोलला नाही, एवढंच विचारलं की कुठल्या चार?

"ज्या जास्त देत्यात त्या," वहिनी म्हणाली.

आता संस्थेत आमचे दोन क्रमांक आहेत आणि सकाळी दोन किटल्या जातात. आई नव्वदीकडे झुकली आहे, तिला कमी दिसतं. ती दारातल्या बाजेवर बसून कडीच्या आवाजावरून कुठली किटली कुणाची ते ओळखते. उपटलेल्या सात खुंट्यांपैकी सहा चुलीत गेले. सातवा, म्हशीचा, तिने बाजेपाशी ठेवून घेतला आहे, उठताना हात टेकायला.