बहुस्पर्शी पडदा आणि मागावरचा हात

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला, आणि पंचगंगेकाठचे हे गाव पुढे यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. या धंद्यातील कौशल्य प्रथमपासून दोन्ही हातांचे आहे. तुटलेला उभा धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेणे, त्याला गाठ मारणे, संपलेली कांडी काढून भरलेली कांडी धोट्यात बसवणे, अशा प्रत्येक कामात एक हात धरतो आणि दुसरा करतो. दोहोंची कामे वेगळी, पण चालतात एकाच वेळी. धोट्याच्या मागांच्या जोडीला आता रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे माग आले असून त्यांपैकी नव्या मागांच्या अंगावर संगणकाचा स्पर्शपडदा असतो. पीक, म्हणजे कापडाच्या एका इंचातील आडव्या धाग्यांची संख्या, उभ्या धाग्यांचा ताण आणि मागाची गती या गोष्टी त्यावरून ठरवल्या जातात. हात मागावरून पडद्यावर आला खरा, पण त्या पडद्यामागची आज्ञावली हाताची रीत जाणते की नाही, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. बहुस्पर्शी आज्ञावली, म्हणजे एकाच वेळी टेकलेल्या अनेक बोटांचा मिळून अर्थ लावणारे सॉफ्टवेअर, हे या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत गंभीर उत्तर आहे.

माउसच्या संगणकात पडद्यावर बाण एकच असतो, त्यामुळे माणसाला दोन हात आहेत ही गोष्ट त्या संगणकाच्या हिशेबातच येत नाही. ही उणीव भरून काढण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी आपल्या प्रबंधासाठी केला. त्यांच्या यंत्रात दुधी काचेच्या मागे कॅमेरा होता आणि काचेवर टेकलेले प्रत्येक बोट त्याला काळ्या ठिपक्यासारखे दिसे. दाब वाढला की ठिपका मोठा होई. त्याच १९८२ मध्ये इचलकरंजीत दत्ताजीराव कदम यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांना परिचित असलेली डीकेटीई, स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही; तरी घोरपड्यांच्या राजवाड्यात वस्त्रतंत्र आणि संगणकशास्त्र एकाच छपराखाली शिकवणारी संस्था आणि बोटे वाचणारे यंत्र समवयस्क असावेत, हा योग नोंदवण्याजोगा आहे. पुढे वेन वेस्टरमन यांनी, हातांच्या दुखण्यामुळे कळफलक वापरणे स्वतःला जड जात असताना, जॉन इलायस यांच्याबरोबर फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. ती ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली आणि २००७ च्या आयफोनबरोबर दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची क्रिया जगभर पोचली. या दोन घटनांच्या मधल्या काळात जेफ हान यांनी ॲक्रिलिकचा तक्ता, अवरक्त दिवे आणि कॅमेरा एवढ्या सामग्रीवर बहुस्पर्शी मेज उभारता येते हे दाखवले, आणि हा विषय मोठ्या प्रयोगशाळांतून हौशी कारागिरांच्या व विद्यार्थ्यांच्या हाती आला.

मोबाइलचा पडदा मात्र कॅमेऱ्याने पाहत नाही. त्याच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पट्ट्यांचे उभे आणि आडवे असे दोन थर असतात, आणि कापडातील ताण्याबाण्याप्रमाणे ते एकमेकांना असंख्य ठिकाणी छेदतात. बोट जवळ आले की छेदबिंदूपाशी विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, किंचित बदलते. केवळ उभ्या व आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजल्या तर एका बोटाचे ठिकाण कळते. दोन बोटे टेकली की दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या जाग्या होतात, त्यांचे छेदबिंदू चार भरतात, आणि त्यांतले खरे दोन कोणते हे सांगता येत नाही. उरलेल्या दोन फसव्या बिंदूंना भुताचे बिंदू म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक छेदबिंदू स्वतंत्रपणे मोजणे. सेकंदाला अनेक वेळा ही संपूर्ण जाळी वाचली जाते, आणि बहुस्पर्शाची सारी इमारत या एका मोजणीवर उभी आहे.

पडद्याकडून मिळतात ते केवळ बिंदू; त्यांना अर्थ देणे हे आज्ञावली लिहिणाराचे काम आणि खरी कारागिरी तिथेच लागते. प्रत्येक स्पर्शाच्या आयुष्यात टेकणे, सरकणे आणि उचलणे या तीन घटना असतात. बोट टेकताच त्याला एक ओळखक्रमांक मिळतो आणि ते उचलेपर्यंत तोच राहतो. यादीतील त्याची जागा मात्र दुसरे बोट उचलले की बदलू शकते. नवखा लेखक जागेलाच ओळख समजतो आणि मग पहिले बोट उचलताच चित्र दुसऱ्या बोटाकडे उडी मारते. चौथी घटना रद्द होण्याची. फोन आला किंवा यंत्रणेने तो स्पर्श स्वतःकडे घेतला, तर उचलल्याची वार्ता येतच नाही, आणि रद्द झाल्याची दखल न घेणारी आज्ञावली नसलेले बोट धरून बसते. ही चूक प्रयोगशाळेत क्वचितच दिसते, धांदलीच्या कामात हमखास.

दोन बोटांचे गणित सुबक आहे. दोन बिंदूंचे चार निर्देशांक असतात, आणि चित्राचे आडवे सरकणे, उभे सरकणे, लहानमोठे होणे आणि फिरणे या चार अज्ञातांसाठी ते नेमके पुरतात: बोटांमधील अंतराचे गुणोत्तर म्हणजे आकारातील बदल, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन म्हणजे वळण. त्यामुळे चित्राचा जो कण बोटाखाली होता तो बोटाखालीच राहतो. छायाचित्रांसाठी हे गणित जसेच्या तसे चालते. कापडाच्या नक्षीसाठी नाही. डॉबी किंवा जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी उभे धागे निवडून उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणा, यांच्या नक्षीच्या आलेखात प्रत्येक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट असते, आणि कोणता धागा वर राहणार एवढेच ती सांगते. अशी नक्षी दोन अंशांनी फिरवणे निरर्थक आहे, कारण मागावर उभा धागा उभाच राहणार. म्हणून तिथे वळण बंद ठेवावे किंवा काटकोनातच होऊ द्यावे. शिवाय इंचाला समजा ९२ उभे आणि ५२ आडवे धागे असतील, तर चौकट चौरस नसते, आणि नक्षी मोठी करताना हे प्रमाण न राखल्यास पडद्यावरचे गोल फूल कापडावर लांबट उतरते. एका बोटाने चौकटी भरायच्या आणि दोन बोटांनी आलेख सरकवायचा, अशी वाटणी केली की डावा हात धरणारा आणि उजवा करणारा ही मागावरची जुनी विभागणी आपोआप परत येते.

कारखान्यातील परिस्थिती मात्र या गणिताला सहज शरण जात नाही. हवेत कापसाचे तंतू उडत असतात, सुताची तूट कमी व्हावी म्हणून अनेक ठिकाणी हवेत ओलावा राखला जातो, आणि बोटांना तेल किंवा घाम असतो. धारितेवर चालणारा पडदा ओलाव्याने फसतो आणि जाड हातमोजा ओळखत नाही. म्हणून कारखानी यंत्रांवर दाबाने चालणारा पडदा दीर्घकाळ टिकून राहिला. त्यात दोन वाहक थर दाबाने एकमेकांना टेकतात, तो हातमोज्यानेही चालतो. पण साध्या प्रकारात दोन बोटे टेकवली तर तो दोहोंच्या मधला, कुणीच न दाबलेला बिंदू सांगतो. यंत्र तातडीने थांबवण्याचे बटण पडद्यावर न ठेवता स्वतंत्र, हाताला लागणारे ठेवतात, ते योग्यच आहे, कारण पडद्यावरचे बटण न पाहता सापडत नाही.

स्पर्शाच्या आज्ञावलीत मराठीचे स्वतःचे एक भरीव काम आहे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी उपलब्ध झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत; ‘क’वर बोट टेकले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते, आणि बोट न उचलता हव्या दिशेला सरकवले की अक्षर पूर्ण होते. येथे बोट एकच लागते, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे बहुस्पर्शी नव्हे. परंतु इंग्रजी टंकयंत्राची मांडणी बाजूला ठेवून शाळेत शिकलेली बाराखडी हाच हालचालीचा नकाशा मानण्याचा निर्णय फार मोलाचा आहे. नक्षीच्या आलेखात वळण बंद ठेवणारा लेखक आणि ‘क’भोवती बाराखडी मांडणारा लेखक एकाच जातीचा विचार करत असतात: वापरणाराला आधीपासून काय येते, हे दोघांनीही प्रथम पाहिलेले असते.

इचलकरंजीच्या कारखान्यांत मराठीबरोबर कानडी आणि हिंदी बोलणारे कामगार आहेत, आणि मजुरी पिकावर व कापडाच्या लांबीवर ठरत असल्याने पडद्यावरचा आकडा सरळ पगाराशी जोडलेला असतो. अशा पडद्यासाठी आज्ञावली लिहिताना पीक बदलण्याचे काम ओझरत्या स्पर्शाने होऊ नये, बोट काही क्षण दाबून ठेवल्यावरच ते व्हावे, बटणे निदान बोटाच्या पेराएवढी रुंद असावीत, आणि माग कशामुळे थांबला, उभा धागा तुटला की आडवा, हे अक्षरांइतकेच चिन्हानेही कळावे. यांतील प्रत्येक गोष्ट आजच्या साधनांनी करता येते, आणि वस्त्रतंत्राचा विद्यार्थी व संगणकाचा विद्यार्थी जिथे एकाच आवारात वावरतात, तिथे ती तपासायला चालू माग हाताशी आहेत.