दारफळणीचा सण आणि दसरा

माझे वडील पेणचे हिंदू, आई अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. दोन्ही घरांत मराठीच बोलली जाई, वालाचं बिरडंही सारखंच होई. अडचण यायची ती दसऱ्याला. वडिलांकडे झेंडूचं तोरण आणि सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी सताड उघडं दार. आजोळी काही वर्षी नेमका त्याच दिवशी कडक उपास. आजी पांढरं लुगडं नेसून सिनेगॉगमध्ये, घराचं दार दिवसभर लावलेलं. मी कुठे असावं हे मला कुणी विचारत नसे. दोन्ही आज्यांनी मला गृहीतच धरलेलं असे.

हा निव्वळ योगायोग नव्हे, हे दोन पंचांगं शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं. तोवर चाळिशी उलटली होती. ज्यू महिनाही चंद्रावर चालतो. तिश्री महिन्याचा दहावा दिवस म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. तिश्री आणि आश्विन बरोबर लागले की दोन्हीकडची दशमी जुळते: २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. मग दरवर्षी का नाही? ऋतूंशी मेळ राखायला दोन्ही पंचांगं जादा महिना घालतात, पण तो एकाच वेळी येतो असं नाही. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण ऑगस्टमध्ये संपला. ज्यूंचा जादा अदार लागला तो पुढच्या फेब्रुवारीत. म्हणून त्या वर्षी योम किप्पूर २५ सप्टेंबरला आणि दसरा २४ ऑक्टोबरला. अशी वर्षं आमच्या घरी सुखाची.

'योम किप्पूर' हे नाव आजीच्या तोंडी नव्हतंच. ती म्हणे 'दारफळणीचा सण', दारं लावून घेण्याचा. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात अशी नावं सापडतात: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास कोकणात बिरड्यावर सुटे! ग्रंथ हाताशी नसताना या लोकांनी सण चुलीच्या आधाराने लक्षात ठेवले, असं मला वाटतं.

दारफळणीनंतरचा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. आईने याच दिवसाचा आधार घेतला. दसऱ्याला ती सासरी माजघराचं दार लोटून उपाशी बसे, मी ओटीवर सोनं वाटत असे. "सणाला घरची सून उपाशी?" अशी वडिलांची आई कुरकुर करी, दिवस मावळून चांदण्या दिसल्या की श्रीखंडाची वाटी झाकून तीच आत नेऊन ठेवी.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजोळी जात असू. माझ्या खिशातली आपट्याची पानं एव्हाना सुकलेली असत. आजी ती घेई आणि म्हणे, "आण, शिळं सोनं."