अँटिव्हायरस टाकताना आपण काय देतो?

शाळेच्या कार्यालयात नवा संगणक येतो. त्यावर निकालपत्रके, हजेरीपट, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक असे सारे साठणार असते. म्हणून कोणीतरी सुचवते, "यावर एक अँटिव्हायरस टाकून घ्या." तो टाकताना पडद्यावर एक चौकट उमटते. या आज्ञावलीला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का, असा तिचा प्रश्न असतो. आपण 'होय'वर टिचकी मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. या 'होय'ने आपण नेमके काय दिले?

ते समजण्यासाठी बँकेचे उदाहरण घेऊ. ग्राहक खिडकीबाहेर उभा राहतो. पैसे हवे असले तरी तो तिजोरीला हात लावत नाही, चिठ्ठी भरून आत देतो. आतला कर्मचारी चिठ्ठी तपासतो आणि मग पैसे देतो. संगणकातही अशीच व्यवस्था असते. पत्र लिहिण्याची, चित्रे काढण्याची किंवा हिशेबाची आज्ञावली खिडकीबाहेर असते. चकतीवरची फाइल हवी असेल, तर तिला कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे मागणी करावी लागते. दुसऱ्या आज्ञावलीच्या स्मृतीत तिला परस्पर डोकावता येत नाही.

अँटिव्हायरसला मात्र बाहेर उभे राहून चालत नाही. कोणतीही फाइल उघडण्याआधी त्याला ती तपासायची असते. शिवाय तो बाहेर असता, तर एखाद्या विषाणूने आधी त्यालाच बंद पाडले असते. म्हणून त्या 'होय'ने आपण त्याला व्यवस्थापकाचे अधिकार देतो आणि त्यांच्या बळावर तो आपला एक भाग थेट गाभ्यात बसवतो. म्हणजे पहारेकऱ्याला आपण तिजोरीच्या खोलीत बसवलेले असते.

आता हा पहारेकरी चोर ओळखतो कसा? पहिली पद्धत खुणेची. संगणकातील प्रत्येक फाइल म्हणजे ० ते २५५ या अंकांची लांबलचक माळ असते. ज्ञात विषाणूच्या माळेतला एखादा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा खूण म्हणून नोंदवून ठेवतात. समजा तो १६ अंकांचा आहे. असे तुकडे २५६ चा १६ वा घात, म्हणजे सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतके संभवतात. तेव्हा नीट निवडलेली खूण दुसऱ्या फाइलमध्ये योगायोगाने सापडणे फार अवघड. पण नव्या विषाणूची खूण यादीत नसते, म्हणून यादी सतत ताजी ठेवावी लागते. दुसरी पद्धत वर्तनाची. एखादी आज्ञावली भराभर शेकडो फाइली बदलू लागली, तर तिचा संशय घ्यायचा.

मग सर्व विषाणू अचूक ओळखणारा अँटिव्हायरस करता येईल का? फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकातच याचे उत्तर 'नाही' असे दिले. त्याचा युक्तिवाद गणिताच्या तासाला सांगण्याजोगा आहे. असा अचूक परीक्षक आहे असे धरून चालू. आता एक खोडकर आज्ञावली लिहू. ती परीक्षकालाच विचारते, "मी विषाणू आहे का?" उत्तर 'हो' आले, तर ती गप्प बसते. उत्तर 'नाही' आले, तर ती पसरू लागते. परीक्षकाने काहीही सांगितले तरी तो चुकतोच. म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही.

तेव्हा चुका होणार, आणि त्या दोन प्रकारच्या. चोर सुटणे ही एक, साव पकडला जाणे ही दुसरी. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या खुणांच्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधील एका आवश्यक फाइललाच विषाणू ठरवले आणि असंख्य संगणक बंद पडले.

याहून मोठा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा आज्ञावलीसाठी एक नवी फाइल जगभर धाडली. भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. आज्ञावली २० रकान्यांची माहिती पुरवत असे, नव्या फाइलने २१ वा रकाना मागितला. जी जागा नव्हतीच ती वाचायला गेल्यामुळे आज्ञावली कोसळली. ग्राहकाची चिठ्ठी चुकली, तर तेवढी चिठ्ठी परत येते. तिजोरीच्या खोलीत घोळ झाला, तर बँकेचे शटर ओढावे लागते. इथे घोळ गाभ्यात झाला होता, म्हणून आख्खे संगणकच थांबले. ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

मग अँटिव्हायरस टाकूच नये का? तसे नाही. १२ मे २०१७ पासून पसरलेल्या वॉनाक्रायने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्याने अडवले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. संरक्षण हवेच. फक्त ते कोणाच्या हाती देतो, हे पाहिले पाहिजे.

यावरून काही साधे नियम निघतात. अँटिव्हायरस त्याच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. कोणाच्या पेन ड्राइव्हवरची फुकट प्रत घेऊ नये, कारण चोरच पहारेकऱ्याच्या वेशात आला, तर त्याच्याही हाती आपण सगळ्या किल्ल्या देऊ. एका वेळी एकच पहारेकरी असावा. दोघे एकाच फाइलीवर झडप घालू लागले, की संगणक रेंगाळतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो. मात्र विंडोज १० च्या सर्वसाधारण मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हे जुन्या संगणकांबाबत लक्षात ठेवावे. आणि निकालपत्रकांची एक प्रत संगणकापासून सुटी काढून वेगळ्या चकतीवर ठेवावी. पहारेकरी चुकला, तरी ती हाताशी राहते.

शेवटी एक प्रयोग. अँटिव्हायरस जागा आहे का, हे पाहण्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल तयार केली आहे. तिला विषाणूसारखे वागवायचे, हे अँटिव्हायरस कंपन्यांनी मान्य केले आहे. कार्यालयाच्या नव्हे, प्रयोगशाळेच्या संगणकावर ती तयार करून पाहा. पहारेकरी ओरडेल. मग पहिलेच अक्षर बदलून फाइल पुन्हा तयार करा. आता तो बहुधा गप्प बसेल. असे का झाले, ते मुलांनाच सांगू द्या.