मक्याच्या भुशातलं पितळ

आयोवाला मी गेलो होतो मक्यावर लिहायला. अमेरिकेत सर्वाधिक मका पिकवणारं राज्य ते. दाणे काढल्यावर कणसाच्या दांड्याचं पुढे काय होतं, असं विचारलं, तर माझ्या पुतण्याने शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात नेलं. तिथे बादलीएवढं एक यंत्र थरथरत होतं. त्यात दांड्यांचा रवाळ भरडा पितळी पुंगळ्यांना पोटात घेऊन उकळत्या भातासारखा खालीवर होत होता.

आजोबा नेमबाज. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मैदानावरून वेचून आणतात आणि घरी पुन्हा भरतात. मला वाटलं, हे घासणं म्हणजे चकाकीचा शौक. तसं नाही. पुंगळीत 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार होताच ती फुगते, म्हणून पोलादी साच्यात दाबून मूळ मापाला आणावी लागते. एक वाळूचा कण चिकटलेला राहिला तरी साच्यावर ओरखडा येतो, आणि तोच ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर. शिवाय बुडाजवळ पितळ ताणून पातळ झालं की तिथे बारीक चकाकती रेघ उमटते. पुंगळी पुढे तिथेच दुभंगते. काजळीखाली ती रेघ दिसत नाही.

घासायचं कशाने, हा त्यांचा आवडता विषय. अक्रोडाच्या कवचाचा चुरा टणक आणि कोनेदार, चिवट मळ काढतो. मक्याचा भरडा हलक्या हाताचा. त्यात चमचाभर कार पॉलिश टाकलं की झळाळी येते. पण रवा केवढा? आजोबांनी एक पुंगळी उजेडाकडे धरली. बुडाच्या जेमतेम 2 मिलिमीटर छिद्रात एक दाणा गच्च बसला होता. ठिणगी आत जाते ती इथूनच. त्यांनी दाभणाने दाणा पाडला, पुंगळी परत उजेडाला धरली, मगच खाली ठेवली. शंभर पुंगळ्या, शंभर वेळा. मी बघतच राहिलो.

दुसरी रीत ओली: स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्या, पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल. आपण चिंचेने तांब्या घासतो, तसंच. आतला कोपरान् कोपरा निघतो. मात्र आम्ल जास्त झालं की जस्त सुटतं आणि पितळ गुलाबी पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर वर्ज्यच. त्याचा धडा आपल्याच पावसाळ्याने दिलाय: ब्रिटिश फौजेने भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं आपसूक तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे 1921 मध्ये उलगडलं.

खरी काळजी मात्र धुळीची. काडतूस पेटवणाऱ्या प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग असतं. बार झाल्यावर ते काजळीत उरतं आणि घासताना भरड्यात उतरतं. पुंगळ्या वेगळ्या करायला चाळण हलवली की तीच धूळ नाकात. लहान मुलांना शिसं फार बाधतं. म्हणून आजोबा यंत्रात ओलसर फडक्याचे तुकडे टाकतात, धूळ त्यांना चिकटते. चाळायचं ते अंगणात, वारा पाठीशी घेऊन, मास्क लावून. नात दारापर्यंत आली, तर त्यांनी हाताने तिथेच थांबवलं. हात धुऊन, शर्ट बदलून मगच तिला उचललं.

‘मग ओलंच घासा ना,’ मी म्हटलं. धूळ उडत नाही, पण शिसं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी अंगणात ओतायला त्यांचं मन होत नाही. गॅरेजच्या भिंतीशी काळ्या पाण्याची दोन पिंपं उभी होती. झाकणांवर खडूने तारखा लिहिल्या होत्या.