सरड्याचे लिंग व मातीचे तापमान

शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीत पावसाळ्यात अंडी पुरणाऱ्या सामान्य सरड्याच्या पेशीत ३४ गुणसूत्रे असतात. १२ मोठी, २२ सूक्ष्म. नर व मादी यांच्या गुणसूत्रांत दिसण्याजोगा भेद मात्र आढळत नाही. मग लिंग ठरते कशाने? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेले उत्तर विलक्षण आहे: उबवणीचे तापमान चढत जाता क्रमाने माद्या, नर, पुन्हा माद्या, पुन्हा नर! म्हणजे सागाच्या सावलीतील आणि उघड्या माळावरील अंड्यांचे भवितव्य भिन्न ठरू शकते. तथापि तेवढ्यावरून जनुकांना निकालात काढणे घाईचे होय. याच कुलातील ऑस्ट्रेलियन पोगोना सरड्यास लिंगगुणसूत्रे आहेत. तरीही उष्णतेने जनुकीय नराची मादी होते, हे २०१५ मध्ये निसर्गातच आढळले.